फवारणीत विषबाधा झाली, केस पेपरवर मात्र 'विष प्राशन'. भरपाईचा दावा करता येतो का?

गोदाकाठ (धागाकर्ता)
राम राम मंडळी. मी परभणी जिल्ह्यातला. विषय घरचा आहे म्हणून गावाचं नाव टाकत नाही.

माझे दाजी, वय ४०. रोजानं कामाला जातात. फवारणीला रोज थोडा बरा पडतो म्हणून तेच काम जास्त. गेल्या वर्षी पोळा होऊन पंधराएक दिवस झाले असतील. कापूस डोक्याच्या वर गेलेला, पाऊस जरा उघडला की औषध मारून घ्यायची सगळ्यांचीच घाई. पाठीवर पेट्रोलचा पंप, तोंडाला ताईची जुनी ओढणी. दोन औषधं एकत्र केलेली. एक प्रोफेनोफॉसचं होतं, दुसऱ्याचं नाव दाजींना माहीत नाही. सोळा पंप मारून झाले. सतराव्याला वारं फिरलं आणि सगळा फवारा अंगावर आला. तरी तो पंप संपवूनच ते बांधावर आले. भाकरी खायला बसले तर हाताला घास सापडेना, डोळ्यांपुढं धुकं, तोंडातून लाळ.

मालकानं मोटारसायकलवर मधे बसवून ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथून १०८ नं मोठ्या दवाखान्यात. अकरा दिवस भरती, त्यातले चार दिवस मशीनवर. जीव वाचला. पण सुट्टी झाल्यावर काही दिवसांनी पायांना मुंग्या सुरू झाल्या. आता चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळत नाही, मागून पोरगी चप्पल घेऊन पळते. मूठ नीट वळत नाही. काम बंद.

ताईनं मदतीसाठी चौकशी केली तर समोरच्यानं केस पेपर वाचला आणि म्हणाला, "यावर विष प्राशन लिहिलंय, आत्महत्येचा प्रयत्न दिसतोय." दाजींनी थेंबभर काही पिलेलं नाही हो! त्या दोन शब्दांनी भरपाई तर अडलीच, गावातही कुजबुज सुरू झाली. ताई रोज रडायलीय.

दावा होतो का? कोणावर? आणि हे दोन शब्द कसे खोडायचे?

तात्या_मानवत
वाचून पोटात कालवलं. आमच्या शिवारात दरसाल दोन-तीन जणांना 'औषध लागतं'. लोक लिंबूपाणी पाजतात, आंघोळ घालतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर. नोंद कुठंच नाही. दाजींची निदान नोंद तरी आहे, ती चुकीची का असेना.

चंद्री_ज्वारी
मुंडे योजनेत बघा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान. कीटकनाशकाची विषबाधा त्यात धरतात. मृत्यूला २ लाख.

कृषी_वाला
चंद्री ताई, अर्धं बरोबर. मी याच खात्यात काम केलंय म्हणून सांगतो. ती योजना सातबारावाल्या खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका सदस्याला. मजुराच्या नावावर जमीन नसेल तर तो बाहेर. गोदाकाठ, दाजींच्या वडिलांच्या नावावर काही आहे का? अर्धा एकर असला तरी मुलगा म्हणून बसतील. पण योजना फक्त मृत्यू, आणि डोळे किंवा हातपाय कायमचे निकामी झाले तरच. एका अवयवाला १ लाख, दोन्हीला २ लाख. मुंग्या आणि अशक्तपणाला त्यात काही नाही. अर्जही तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत द्यायचा असतो.

गोदाकाठ
वडिलांच्या नावावर दोन एकर कोरडवाहू आहे. पण ३० दिवस तर दवाखान्यात आणि नंतरच्या दुखण्यातच गेले. आम्हाला हे कोणी सांगितलंच नाही.

डॉ_बालाघाट
मी अशा रुग्णांवर उपचार करतो, म्हणून वैद्यकीय बाजू मांडतो.

प्रोफेनोफॉस हे ऑर्गनोफॉस्फरस गटातलं. शरीरातलं कोलिनेस्टरेझ नावाचं विकर (एन्झाइम) ते बंद पाडतं. लाळ, घाम, टाचणीच्या टोकाएवढी झालेली बाहुली, धाप, सगळं त्याच्यामुळे. ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम ही त्यावरची औषधं. हे विष तोंडानं जावं लागत नाही. ओल्या शर्टातून, घामेजलेल्या पाठीतून, श्वासातून जातं. पंप गळका असेल तर पाठ आणि कंबर तासन्‌तास त्यात भिजत राहते.

मुंग्यांबद्दल. या गटातल्या काही औषधांनी दोन-तीन आठवड्यांनी नसांवर परिणाम होतो. आधी तळपाय, मग पोटऱ्या, मग हात. तुम्ही सांगता ते चित्र तसंच दिसतंय, पण तपासल्याशिवाय मी ठाम बोलणार नाही. मेंदू-नसांच्या डॉक्टरांना दाखवा आणि नसांची तपासणी (नर्व्ह कंडक्शन) करून घ्या. तो कागद पुढं लागेल.

आता ते दोन शब्द. अपघात विभागात रात्री एकाच वेळी पाच-सहा जण येतात. त्यात विष पिऊन आलेले जास्त. "काय झालं?" असं विचारलं की सोबतचा माणूस म्हणतो, "औषध गेलंय साहेब." लिहिणारा 'पॉयझन कन्झम्प्शन' लिहून मोकळा होतो. हे चुकतं आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. रक्ताच्या तपासणीतून विष किती चढलं ते कळतं, पोटातून गेलं की कातडीतून ते कळत नाही. म्हणून पहिल्या माणसानं काय लिहिलं त्यालाच वजन येतं. तुमचे दाजी आधी ग्रामीण रुग्णालयात गेले होते ना? तिथला कागद बघा. आणि १०८ च्या गाडीत डॉक्टर असतात, तेही रुग्णाची नोंद लिहितात.

वकील_आष्टी
डॉक्टरांनी नेमकं बोट ठेवलं. मी कामगारांचे दावे चालवते. जरा लांबण लागेल.

कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३. गिरणी-कारखान्याचा कायदा म्हणून लोक तो सोडून देतात. पण त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत 'शेतीत कीटकनाशकं फवारणारा' हा कामगार स्पष्ट लिहिलेला आहे. तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजारांची यादी आहे. त्यातल्या 'अ' भागात ऑर्गनोफॉस्फरसची विषबाधा आहे, शिसंही आहे. 'अ' मधला आजार त्या कामात झाला की तो कामावरचा अपघातच धरतात, किती दिवस नोकरी झाली ते विचारत नाहीत. 'ब' भागाला सलग सहा महिने काम लागतं. क्रोमियम, बेन्झिन, पारा हे त्यात येतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. दाजींचा प्रसंग त्याआधीचा, म्हणून मी जुन्याच कायद्यावर बोलतेय.

रक्कम: महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक. ४० वर्षांना गुणांक १८४.१७. मजुरी १०,००० धरली तर पूर्ण कायमच्या अपंगत्वाला ११,०५,०२० रुपये. डॉक्टरांनी कमाईची क्षमता ४० टक्के गेली असं लिहिलं तर त्याचे ४० टक्के, म्हणजे ४,४२,००८. मजुरी कितीही असली तरी १५,००० च्या वर धरत नाहीत. एक महिन्यात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज. मुदत दोन वर्षं, म्हणजे वेळ आहे, पण बसून राहू नका.

दावा मालकावर. त्याची चूक होती की नव्हती हे या कायद्यात सिद्ध करावं लागत नाही.

चार_एकरवाला
वकीलताई, मालकावर म्हणजे कोणावर? माझ्यावर! माझी चार एकर. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत कापूस बोंडासकट गेला, बांध फुटला, माती वाहून गेली. मीसुद्धा फवारतो, माझ्याही हाताची साल निघते. मजुराला काही झालं तर मी अकरा लाख आणू कुठून? शेत विकू? औषध बनवणारी कंपनी, विकणारा दुकानदार, परवाना देणारं सरकार सगळे मोकळे आणि शेवटी एका गरिबानं दुसऱ्या गरिबाला कोर्टात ओढायचं? हे मला पटत नाही.

सेलूची_लेक
चार एकरवाले दादा, तुमचं दुःख खरं आहे. पण मजूर बाईचा नवरा घरी पडला तर तिनं कोणाकडं बघायचं? माझे वडील असेच गेले, २००९ साली. तेव्हा आम्हाला सगळ्यांनी "मालक गरीब आहे, जाऊ द्या" असंच सांगितलं. आम्ही जाऊ दिलं. आईनं पुढची सोळा वर्षं दुसऱ्याचं रान खुरपलं. मालक गरीब होता हे खरंच होतं. आम्ही त्याहून गरीब होतो.

चार_एकरवाला
ताई, याला माझ्याकडं उत्तर नाही.

वाळूज_दुसरी_पाळी
विषय थोडा वेगळा, पण उपयोगी पडेल म्हणून लिहितो. मी क्रोम प्लेटिंगमध्ये (धातूवर क्रोमियमचा चकचकीत थर चढवायचं काम) १४ वर्षं काढली. टाकीतून पिवळसर वाफ येते, नाकात झोंबते. सुरुवातीला रोज सकाळी नाकातून खपली पडायची. मग एक दिवस दाढी करताना आरशात बघितलं, टॉर्च धरला, तर नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक. एका नाकपुडीतून दुसरीकडचा उजेड दिसायला लागला. दुखत काहीच नव्हतं, म्हणूनच कळलं नाही.

ठेकेदार दर ११ महिन्यांनी बदलायचा, कागदावर मी कायम नवा. नाक दाखवलं तर म्हणाले, "तंबाखू ओढत असशील." आयुष्यात ओढली नाही. शेवटी ईएसआयचा (सरकारी कामगार विम्याचा) नंबर कामी आला. ठेकेदार बदलले तरी नंबर तोच, त्यावरून १४ वर्षांची सगळी हजेरी निघाली. मेडिकल बोर्डासमोर गेलो, टक्केवारी ठरली, आता महिन्याला थोडे पैसे येतात. ज्यांचा पगार २१,००० च्या आत आहे त्यांनी तो नंबर वहीवर, भिंतीवर, कुठंही लिहून ठेवा.

वकील_आष्टी
यात एक खाचखळगा आहे, सगळ्यांनी लक्षात घ्या. ईएसआय लागू असेल तर त्याच आजारासाठी १९२३ च्या कायद्याखाली दावा करता येत नाही. एकच दार. शेतमजुराला ईएसआय नाही, म्हणून दाजींना नुकसानभरपाईचं दार उघडं आहे.

जुना_जिनर
जिनिंगवाल्यांचं (कापसातून सरकी काढायच्या गिरणीतल्यांचं) कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. कापसाचा बारीक कचरा फुप्फुसात जातो. रविवारी सुट्टी घेऊन सोमवारी कामावर आलं की छाती आवळते, मंगळवारी जरा सैल होते. आम्ही त्याला सोमवारचा दमा म्हणायचो. पुस्तकात त्याचं नाव बिसिनोसिस, आणि तो तिसऱ्या अनुसूचीत आहे. मला हे कळलं तेव्हा मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. हंगामी कामगार, हजेरीपट जिनिंगच्या मालकाकडं, आणि ती जिनिंगच आता राहिली नाही.

रात्रपाळी
भोपाळला काय झालं ते विसरू नका. १९८४ ची वायुदुर्घटना, १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरला तडजोड, आणि हजारो लोकांच्या हातात २५,००० रुपये. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं वाढीव भरपाईची याचिकाही फेटाळली. आपल्याकडं विषाचा दावा म्हणजे नातवंडांना वाटणी.

सेलूची_लेक
रात्रपाळी, असं म्हणून माणूस घरी बसतो. मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर गुजरातच्या दगड-चुऱ्याच्या कारखान्यांत जायचे आणि सिलिकोसिसनं (दगडाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार) मरायचे. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं गुजरात सरकारला २३८ मृतांच्या घरांना प्रत्येकी ३ लाख द्यायला लावले. वर्षं लागली, पण मिळाले. कोणीतरी नावांच्या याद्या केल्या म्हणून मिळाले.

वसमतची_विहीर
आमच्या गावाजवळ एमआयडीसी आहे, विहिरीचं पाणी पिवळं येतंय. आम्हाला कुठं जाता येईल?

वकील_आष्टी
राष्ट्रीय हरित लवादाचं (पर्यावरणाचे दावे चालवणारं न्यायालय) पुण्यात खंडपीठ आहे. प्रदूषणानं झालेल्या हानीची भरपाई मागायला पाच वर्षांची मुदत. पण आधी पाण्याचा नमुना पंचांसमक्ष घेऊन तपासून घ्या. यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथं येते.

कृषी_वाला
कंपनीचा मुद्दा अर्धवटच राहिला. चार एकरवाले म्हणतात त्यात तथ्य आहे. २०१७ ला विदर्भातल्या यवतमाळमध्ये फवारणीनं माणसं गेली, तेव्हा तिथल्या काही कुटुंबांनी थेट स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये कंपनीवर दावा लावला. आपल्याकडं हे होत नाही का?

वकील_आष्टी
होतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादन दायित्व नावाचं प्रकरण आहे. धोक्याची सूचना पुरेशी नसेल तर कंपनी जबाबदार. पण खरं सांगते, फवारणीत ही लढाई अवघड आहे. मालकानं मजुराच्या वापरासाठी माल घेतला आणि कंपनीनं मालकाला सूचना दिल्या होत्या, असं निघालं तर कंपनी सुटते, कायद्यातच तसं लिहिलंय. दोन औषधं एकत्र केली तर "आमच्या औषधानं झालं कशावरून" असंही म्हणतील. म्हणून डबा जपायचा. बॅच नंबर, लाल किंवा पिवळा धोक्याचा त्रिकोण, आतलं घडी केलेलं माहितीपत्रक आणि दुकानाची पक्की पावती. पावती मालकाच्या नावानं असते, म्हणजे इथं मालक तुमच्या बाजूला हवा.

चार एकरवाले, म्हणूनच मालकानं मजुराच्या समोर उभं न राहता शेजारी उभं राहण्यात त्याचाही फायदा आहे. आणि कीटकनाशक नियमांत (१९७१) फवारणाऱ्याला संरक्षक कपडे आणि तोंडाचं साधन द्यायचं लिहिलंय. दोनशे-तीनशे रुपयांत मास्क आणि हातमोजे येतात.

डॉ_बालाघाट
कागदांसाठी: दवाखान्याकडं लेखी अर्ज करा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमाप्रमाणे नोंदी तीन वर्षं ठेवायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. सरकारी असेल तर माहिती अधिकारातही मागा. फक्त डिस्चार्ज कार्डावर थांबू नका. पूर्ण केस पेपर, नर्सिंगच्या नोंदी, ॲट्रोपिनचा तक्ता, सगळं.

तात्या_मानवत
आणि वकिलाची फी? आमच्या लोकांना कोर्टाची पायरी म्हणलं की आधी तीच धडकी.

वकील_आष्टी
तालुका विधी सेवा समितीकडं जा. १९८७ च्या कायद्यानं स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना वकील मोफत. तालुक्याच्या कोर्टातच बसतात.

गोदाकाठ (नऊ दिवसांनी)
मंडळी, उशीर झाला, माफ करा. सगळ्यांना सांगण्यासारखं झालंय.

ग्रामीण रुग्णालयात अर्ज घेऊन गेलो. बाबूनं रजिस्टर काढलं, पण पान सापडेना. ताई तिथंच बाकावर बसून पिशवी उपसायली होती. तिच्याकडं एक प्लॅस्टिकची पिशवी आहे, रेशनकार्ड, पोरांचे दाखले, सगळं त्यातच. त्यात चार घड्या घातलेला कागद निघाला, पुढं पाठवायची चिठ्ठी. रात्रीच्या डॉक्टरीण बाईंनी निळ्या पेनानं इंग्रजीत लिहिलेलं, त्याचा अर्थ: 'कापसावर कीटकनाशक फवारताना अंगावर पडून विषबाधा. कपडे ओले, वास येतोय, काढून अंग धुतलं.' खाली वेळ, संध्याकाळी ७.४०. ताईला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून पाच महिने चिठ्ठी पिशवीत पडून होती. मी वाचून दाखवलं तर ती तिथंच हुंदके द्यायला लागली. बाबूनं उठून पाणी दिलं आणि मग रजिस्टरातलं पानही शोधून दिलं.

डॉ_बालाघाट
'कपडे ओले, वास येतोय' या चार शब्दांसाठी त्या डॉक्टरीण बाईंना माझा नमस्कार. मूळ कागद कोणालाही देऊ नका. झेरॉक्सच द्या.

सेलूची_लेक
डोळ्यांत पाणी आलं. ताईला सांगा, आता गावात मान वर करून चाला.

चार_एकरवाला
गोदाकाठ, मालकाचं काय झालं?

गोदाकाठ
काल संध्याकाळी घरी आले होते. हातात दुकानाची पावती. तुमचं लिखाण त्यांना फोनवर वाचून दाखवलं होतं, चार एकरवाले दादा. बराच वेळ नुसते बसले. मग म्हणाले, "माझ्या शेतात, माझ्या कामावर झालं हे मी सही करून देतो. पैसे माझ्याकडं नाहीत, पण खोटं बोलणार नाही." पावतीवर दोन्ही औषधांची नावं आणि बॅच नंबर आहेत. डबा त्यांनी जाळला होता, त्याचं त्यांना लई वाईट वाटायलंय. दाजी म्हणाले, "मालक, तुम्हीच तर मधे धरून नेलं मला."

वकीलताई, सोमवारी विधी सेवा समितीत चाललोय. चिठ्ठी, रजिस्टरची नक्कल, पावती, मालकाचा जबाब घेतलाय. नसांच्या तपासणीची तारीख गुरुवारची आहे. अजून काय घेऊ?

वकील_आष्टी
गुरुवारचा रिपोर्ट हातात येऊ द्या, मग त्याच डॉक्टरांकडून 'कमाईची क्षमता किती टक्के गेली' हे लिहून घ्या. नुसतं 'अशक्तपणा' लिहिलेलं चालणार नाही. आजार कीटकनाशकामुळे, असंही त्यात हवं. दाजींचा कामावर न गेलेला पहिला दिवस कोणता ते तारखेसकट लिहून ठेवा, मुदत तिथून मोजतात. आणि मोठ्या दवाखान्याला आजच अर्ज द्या. सोबत या चिठ्ठीची झेरॉक्स जोडा आणि 'विष प्राशन' या नोंदीबद्दल लेखी खुलासा मागा. अर्जावर पोच घ्या, शिक्क्यासकट.

गोदाकाठ
अर्ज लिहायला घेतलाय. ताई म्हणतेय, सही मीच करणार.